खाडीत तेल आलं तर : वही, बाटली आणि पोच

माझ्या सासूबाई पहाटे चारला दार उघडून आधी वास घ्यायच्या. पाणी चढतंय की उतरतंय, वारा कुठला, सगळं त्यांना नाकाने कळायचं. एका पहाटे आत येऊन म्हणाल्या, "अगो, पान्याला डांबराचा वास येतंय." बॅटऱ्या घेऊन धक्क्यावर गेलो तर भरती अर्ध्यावर आलेली, आणि उजेड पडेल तिथे पाण्यावर मोरपिसाचे रंग फिरत होते. रात्री एका बार्जमधून तेल सुटलं होतं. बार्ज कोणाची ते लिहीत नाही. ते प्रकरण मिटलेलं आहे. कसं मिटलं तेवढं सांगते.

चौथ्या दिवशी कंपनीची माणसं टेम्पो घेऊन आली. घरटी दहा किलो तांदूळ, दोन किलो डाळ, आणि तेलाचा डबा. हो, तेलाचाच. सामान घ्यायचं आणि एका कागदावर सही करायची. कागद इंग्रजीत होता. सासऱ्यांनी अंगठा उठवला. महिन्याभराने भावकीतल्या शिकलेल्या मुलाने तो कागद वाचून दाखवला. या सामानाच्या बदल्यात आमची कंपनीकडे आता कसलीही मागणी उरलेली नाही, असं त्यात लिहिलं होतं. आमच्या दोन डोल जाळ्या तेलाने गेल्या होत्या. एका जाळीचे पैसेसुद्धा त्या डाळ-तांदळात बसत नव्हते.

मी उरण तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावची. मच्छीमार सहकारी संस्थेत तेवीस वर्षं लिखापढी केली. तो अंगठा मला फार वर्षं टोचला, म्हणून कायदा जमेल तसा समजून घेतला, वकिलांच्या पायऱ्या झिजवल्या, चुकाही भरपूर केल्या. खालचं सगळं संस्थांच्या चिटणिसांसाठी आहे, आणि ज्यांचं नाव कुठल्याच संस्थेच्या रजिस्टरात नाही त्या बायकांसाठी तर आहेच.

आधी तोंडातला एक शब्द बदला

तो शब्द म्हणजे "मदत". कंपनीने मदत दिली, कंपनीने गावासाठी केलं, असं बोलणं सोडा. ज्याने तेल सांडलं त्याने साफ करायचं आणि नुकसान भरायचं, हा आपल्याकडे कायदा आहे. दिल्लीत १९८५ साली ओलियम वायूची गळती झाली. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या डिसेंबरात सांगितलं की धोक्याचा धंदा करणाऱ्याने नुकसान केलं तर "आम्ही काळजी घेतली होती" ही सबब चालणार नाही. प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी, हे तत्त्व राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यातच लिहिलेलं आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने जून २०११ मध्ये धंद्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. एकूण ३१ आहेत. सार एवढंच की सरकारने लोकांचे हक्क राखायचे, कंपनीने ते मोडायचे नाहीत, आणि मोडले गेले तर दाद मिळण्याची वाट असली पाहिजे. ही तत्त्वं कोर्टात कायद्यासारखी चालत नाहीत, पण कंपन्या आपल्या अहवालांत तीच मिरवतात. पत्र लिहिताना हे कामाला येतं, ते पुढे सांगते.

आता बोडोची गोष्ट, कारण ती वाचली त्या दिवशी मी जेवले नाही. नायजेरियातल्या नायजर नदीच्या मुखाशी बोडो नावाचं कोळ्यांचं गाव आहे. खाड्या, तिवरं म्हणजे खारफुटी, सगळं आपल्यासारखं. २००८ मध्ये शेल या तेल कंपनीच्या तिथल्या शाखेच्या पाइपलाइनमधून दोनदा तेल फुटलं. आठ महिन्यांनी, मे २००९ मध्ये, कंपनीने गावाला पाठवलं काय? तांदळाची ५० पोती, कडधान्याची ५० पोती, टोमॅटोचे ५० खोके आणि शेंगदाणा तेलाचे ५० डबे. बोडोच्या लोकांनी ते आधी अपमान म्हणून नाकारलं. आम्ही अंगठा दिला, त्यांनी आधी नाही म्हटलं. पुढे ते लंडनच्या कोर्टात गेले. पहिल्या गळतीत १,६४० पिंपं तेल गेलं असं कंपनीचा कागद सांगत होता. आकडा त्याहून मोठा होता हे कंपनीला २०१४ मध्ये कोर्टात कबूल करावं लागलं. जानेवारी २०१५ मध्ये साडेपाच कोटी पौंडांवर तडजोड झाली आणि सुमारे १५,६०० माणसांना प्रत्येकी २,२०० पौंडांच्या आसपास मिळाले. सात वर्षं गेली. पण मिळाले ते हक्काचे, सामान म्हणून नाही.

वही तेल येण्याआधीची हवी

तेल आलं हे सिद्ध करणं सोपं असतं. फोटो असतात, वर्तमानपत्रं असतात. अडतं ते पुढे. "तुमचं रोजचं उत्पन्न किती होतं?" या प्रश्नापाशी आमची माणसं गप्प होतात. समोरचा साहेब म्हणतो, मग पुरावा काय? म्हणून दावा तेलाच्या दिवशी सुरू होत नाही, त्याच्या आधीच्या तीन वर्षांत सुरू होतो. भरपाई ठरवणारे याच महिन्यात मागच्या वर्षांत किती मिळायचं ते ताडून बघतात.

शाळेची दोनशे पानी वही घ्या. रोज एक ओळ. तारीख, तिथी, होडीचं नाव, जाळी कुठली, किती टोपल्या, कुठलं म्हावरं, कोणाला विकलं, काय भावाने, डिझेल आणि बर्फ किती. तिथी लिहायला लाजू नका. उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला किती, आणि भांगाला, म्हणजे मधल्या लहान भरतीला किती, हे चार महिने लिहिलं की वहीला स्वतःची चाल येते, आणि खोटी वही तशी चाल दाखवू शकत नाही. बर्फाच्या, डिझेलच्या चिठ्ठ्या त्याच पानाला टाचा. महिनाअखेरीला संस्थेच्या चिटणिसाने पानावर शिक्का आणि सही करायची. याला वकील लागत नाही, पाच मिनिटं लागतात.

होडीवाल्यांचं त्यातल्या त्यात बरं असतं. होडीची नोंदणी असते, डिझेलच्या कोट्याचा कागद असतो. ओहोटीला चिखलात उतरून कालवं फोडणारी, निवट्या नि चिंबोऱ्या धरणारी, पाटी डोक्यावर घेऊन दारोदार विकणारी बाई कुठल्या कागदावर आहे? तेल पहिल्यांदा बसतं ते नेमकं तिच्याच चिखलात. खोल पाण्यातलं म्हावरं पळून जाऊ शकतं, कालव कुठे पळणार? आमच्या बार्जच्या वेळी गावात पंचनामा झाला तेव्हा "बाधित मच्छीमार" म्हणून ३१ नावं लिहिली गेली, आणि त्यात एकही बाई नव्हती. मीच शेजारी बसून ती यादी नक्कल केली होती, तेव्हा हा माझाही दोष.

म्हणून संस्थेने आजच ठराव करावा आणि वेगळं रजिस्टर काढावं. हातमासेमारी करणाऱ्या, सुकवणाऱ्या, विकणाऱ्या बायका. नाव, वय, कुठल्या खाजणात जाते, आठवड्यात किती दिवस, किती मिळतं, कुठल्या बाजारात बसते. प्रत्येकीचा तिच्या जागेवरचा एक फोटो. वलांडीवर, म्हणजे सुकवायच्या मांडवावर, बोंबील घालणारीची वलांडी किती हात लांब तेसुद्धा लिहा. टँकरच्या तेलासाठी जो आंतरराष्ट्रीय भरपाई निधी आहे, तो घरच्यापुरतं धरणाऱ्यांचे दावेही घेतो आणि पक्क्या पावत्या नाहीत म्हणून सरसकट फेटाळत नाही. पण काहीतरी कागद समोर लागतो.

पहिली सकाळ

तेल दिसलं की कालनिर्णय बघा. थट्टा करत नाही. उधाण चढतीला असेल तर तेल तिवरांत उंच जाऊन बसेल, आणि पुढच्या भांगाचं पाणी तिथवर पोचणारच नाही म्हणून ते तिथेच राहील. अशा वेळी खाडीच्या तोंडाशी तरंगता अडसर, म्हणजे ज्याला सगळे बूम म्हणतात तो, पुढच्या भरतीआधी लागला पाहिजे. फोनवर हेच वाक्य बोला : "पुढची भरती इतक्या वाजता आहे, त्याआधी बूम हवा."

फोन तटरक्षक दलाला, १५५४ वर. समुद्रातल्या तेलाचं काम तेच जुळवतात. बंदराच्या हद्दीत बंदराची जबाबदारी, तेलाच्या फलाटाभोवती त्या तेल कंपनीची, किनाऱ्यावर राज्य सरकारची. ही वाटणी १९९६ च्या राष्ट्रीय आपत्कालीन योजनेपासून आहे. एकजण दुसऱ्याकडे बोट दाखवायला लागला की तुम्हाला ती माहीत असलेली बरी.

फोन झाला की कागद. एकच अर्ज, चार प्रती : तहसीलदार, मत्स्यव्यवसाय खात्याचं कार्यालय, प्रदूषण नियंत्रण मंडळ, पोलीस ठाणं. प्रत्येक ठिकाणी आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. पोच मिळाल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. "ठेवून जा, बघतो" म्हणणाऱ्याला म्हणावं, साहेब, शिक्का मारेपर्यंत बसते, मला घाई नाही.

तलाठ्याचा पंचनामा होताना पंच म्हणून एक तरी बाई बसवा. "जाळीचे नुकसान" एवढंच लिहू देऊ नका. जाळी कुठली, किती वाव लांब, कधी घेतली, किती तेल बसलं, धुऊन निघतं का. तेल लागलेल्या जाळीचा हातभर तुकडा कापून ठेवा.

फोटो काढताना फोनचं लोकेशन चालू असू द्या. आणि व्हॉट्सअॅपवर फिरलेल्या फोटोवर विसंबू नका, त्यातून जागा-वेळेची माहिती गळून जाते. मूळ फोटो फोनमध्ये आणि एका पेनड्राइव्हवर राहू द्या.

बाटली

काचेची, रुंद तोंडाची बाटली घ्या. लोणच्याची नको, तिच्यात आधीच तेल मुरलेलं असतं. प्लॅस्टिकची तर मुळीच नको. झाकणाखाली अॅल्युमिनियमची फॉइल लावा म्हणजे झाकणाचं रबर तेलाला लागणार नाही. हातमोजा घालून वरचा तवंग आणि जाड गोळा दोन्ही घ्या, झाकण लावून चिकटपट्टी, त्यावर तारीख, वेळ, जागा, दोन सह्या. अशा दोन बाटल्या. एक मंडळाच्या माणसाच्या हातात पोच घेऊन द्यायची, एक संस्थेच्या बर्फाच्या पेटीत अंधारात राहू द्यायची. आपली बाटली कोर्टात एकटी टिकेलच असं नाही, म्हणून अर्जात "मंडळाने कायद्यानुसार नमुना घ्यावा" ही ओळ हवीच. पण मंडळाचा माणूस तिसऱ्या दिवशी उगवतो तेव्हा पहिल्या दिवसाची बाटली बोलते.

तेलाला बोटांच्या ठशासारखे ठसे असतात. प्रयोगशाळा बाटलीतलं तेल आणि जहाजाच्या टाकीतलं तेल लावून बघते. गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या तोंडाला डांबराचे गोळे येतात, त्यांचा माग दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने असाच काढायचा प्रयत्न केला आहे.

तेल कोणाचं, यावर दार ठरतं

इथे मी पहिल्यांदा दोन वर्षं वाया घालवली, चुकीच्या दारात उभी राहून.

टँकरमध्ये माल म्हणून असलेलं तेल सांडलं, तर जहाजमालक आणि त्याचा विमा आधी. ते कमी पडलं तर वर सांगितलेला आंतरराष्ट्रीय निधी. भारत त्यात आहे. जहाज सापडलं नाही पण तेल टँकरचंच होतं हे दाखवता आलं, तरी निधी पैसे देऊ शकतो. मात्र नुकसान झाल्यापासून तीन वर्षांत, आणि कुठल्याही परिस्थितीत घटनेपासून सहा वर्षांत पाऊल उचललं पाहिजे.

टँकर नसलेल्या जहाजाच्या इंजिनाचं तेल असेल तर निधी लागू नाही. तिथे २००१ चा बंकर करार येतो, बंकर म्हणजे जहाजाचं इंधन. भारताने त्यात सामील व्हायला २०१५ मध्ये मंजुरी दिली. या करारात मोठ्या जहाजाला विमा सक्तीचा आहे आणि दावा थेट विमा कंपनीवर लावता येतो. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी चित्रा आणि खलिजिया ही जहाजं आदळली ते याच जातीचं. चित्रा कंटेनरचं जहाज, सांडलं ते इंधन, अंदाजे ८०० टन. दोनतीनशे कंटेनर पाण्यात गेले, काहींत कीटकनाशकं होती. नारळी पौर्णिमा दोन आठवड्यांवर होती. ज्यांच्या जाळ्यांना तेल लागलं नव्हतं त्यांचंही म्हावरं मुंबईत कोणी घेईना. हे नुकसानसुद्धा नुकसानच, म्हणून वहीत "विकलं गेलं नाही" असा रकाना ठेवा आणि बाजारातल्या भावाची रोज नोंद करा.

नळ, टाकी, धक्का, कारखाना यांतून आलं असेल तर जहाजाचे करार बाजूला. तिथे सरळ कंपनी आणि हरित न्यायाधिकरण. आपलं पश्चिम विभागाचं पीठ पुण्याला आहे. भरपाईचा अर्ज पाच वर्षांच्या आत, पण काम थांबवण्यासारखे आदेश हवे असतील तर मुदत सहा महिन्यांची. या दोन मुदतींची गल्लत करून लोक हात चोळत बसतात. फी भरपाईच्या रकमेच्या एक टक्का, किमान हजार रुपये. दारिद्र्यरेषेखालच्यांना माफ. वकिलासाठी तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. म्हणून घरातल्या बाईच्या नावाने अर्ज करायला विसरू नका.

उशीर होतो याची तयारी ठेवा. ४ ऑगस्ट २०११ ला मुंबईपासून दूर समुद्रात रॅक हे कोळशाचं जहाज बुडालं, साठ हजार टनांवर कोळसा आणि इंधन घेऊन. न्यायाधिकरणाने जहाजाशी संबंधित कंपन्यांना १०० कोटी आणि कोळसा ज्यांचा होता त्या कंपनीला ५ कोटी भरायला सांगितलं ते ऑगस्ट २०१६ मध्ये. आणि आपल्या उरणच्याच पारंपरिक मच्छीमारांच्या अर्जावर, तेलाच्या नव्हे तर भरावामुळे आणि प्रकल्पांमुळे गेलेल्या मासेमारीच्या, फेब्रुवारी २०१५ मध्ये पुण्याच्या पीठाने १,६३० कुटुंबांसाठी ९५ कोटी १९ लाखांचा आदेश दिला. मग अपील. निकाल लागला त्या दिवशी पेढे वाटा, पण कर्ज काढू नका.

कंपनीला पत्र

पत्र मराठीत लिहा आणि उत्तर मराठीत मागा. दाद मागायची वाट माणसाला कळेल अशी हवी, हे त्या ३१ तत्त्वांतलं शेवटचंच तत्त्व आहे. आमच्या त्या इंग्रजी कागदाची आठवण ठेवून हे वाक्य मी प्रत्येक पत्रात पहिलं घालते. मग विचारा : तेल कुठल्या जातीचं, किती गेलं, तुम्हाला किती वाजता कळलं आणि तुम्ही कोणाला किती वाजता कळवलं, विमा कोणाचा, तक्रार ऐकणारा अधिकारी कोण. वेळांचा प्रश्न सगळ्यांत बोचतो. बहुतेक वेळा उत्तर येत नाही, आणि ते न येणं पुढे कागद म्हणून उपयोगी पडतं.

कंपनी शेअर बाजारात असेल आणि पहिल्या हजारांत असेल, तर २०२२-२३ पासून तिला दरवर्षी जबाबदारीचा अहवाल द्यावाच लागतो. बीआरएसआर म्हणतात. तो तिच्याच संकेतस्थळावर असतो. त्यात मानवी हक्कांचं पाचवं तत्त्व आणि पर्यावरणाचं सहावं, एवढंच काढा. "बाधित समाजाच्या तक्रारी : शून्य" असं छापलेलं दिसलं की आपल्या चार पोचांच्या झेरॉक्स जोडून विचारा, आमची तक्रार कुठल्या रकान्यात गेली?

सीएसआरच्या, म्हणजे कंपनीच्या समाजकार्याच्या फंडातून गाव साफ करून देतो, असं कोणी म्हणालं तर ऐकून घ्या आणि नाही म्हणा. कायद्याने जे करायलाच हवं ते सीएसआरमध्ये धरता येत नाही, नियमांत तसं २०२१ पासून स्पष्ट आहे. शाळेला संगणक हवेत तर द्या म्हणावं, पण ती पावती वेगळी आणि ही वेगळी.

खाजगी कंपनीला माहितीचा अधिकार लागू होत नाही, प्रदूषण मंडळाला होतो. दहा रुपये, तीस दिवस. कंपनीचं संमतीपत्र, नमुन्यांचे अहवाल, तेलगळतीची आपत्कालीन योजना, सगळं त्यांच्या फायलीत असतं. अधिकारी हातावर हात धरून बसला असेल तर मानवी हक्क आयोगाकडे एका वर्षात तक्रार करा, फी नाही. पण तिथे तक्रार त्या अधिकाऱ्याच्या हलगर्जीची करायची. कंपनीविरुद्ध भरपाईसाठी ते दार नव्हे.

साफसफाईला कोण उतरणार

२०१७ च्या जानेवारीत चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजं आदळली तेव्हा माणसं बादल्यांनी तेल उपसत होती. ते फोटो देशभर गेले, लोकांनी कौतुक केलं. मला त्यांचे उघडे हात दिसले. आपल्या पोरांना बुटाशिवाय, मोज्यांशिवाय, तोंडावर मास्क असल्याशिवाय उतरू देऊ नका. मजुरी लेखी ठरवा, हजेरीपत्रक ठेवा, त्वचेला किंवा डोळ्यांना काही झालं तर सरकारी दवाखान्याचा कागद. साबणाची पावडर ओतू नका. तेल पसरवणारं रसायन कोणी उथळ खाडीत मारायला आला तर थांबवा आणि तटरक्षक दलाची लेखी परवानगी मागा. तिवरांत शिरून तेल तुडवू नका, तुडवलं की ते मुळांशी चिखलात जातं आणि वर्षानुवर्षं झिरपतं. उचललेली तेलकट वाळू म्हणजे घातक कचरा. रात्री मागच्या खड्ड्यात पुरायला निघालेला जेसीबी आम्ही एकदा अडवला होता. चालकाला बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं, त्याला चहा दिला आणि गाडीचा नंबर लिहून घेतला.

वहीचं एक राहिलं. लाकडी पेटीत ठेवू नका, पावसाळ्यात बुरशी येते. डाळीच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, माळ्यावर. सासूबाईंची कालवांची वही आमच्याकडे तशीच आहे. त्यांना लिहिता येत नव्हतं, त्या सांगायच्या आणि नात लिहायची. शेवटची नोंद अमावस्येची आहे : कालवं दीड पाटी, वास नाही.